नसबंदी झालेली कुत्री, तरी रक्त ठिबकतंय. पिल्लाच्या तोंडात चामखिळी. एकच व्हायरस आहे का?

भांडुप_पश्चिम

सोसायटीच्या कंपाउंडमधली कुत्री, वय अंदाजे 4 वर्षं, वजन 15 किलोच्या आसपास. कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली. तीन आठवडे झाले, मागून थेंब थेंब रक्त पडतंय आणि ती सारखी चाटत असते. शेपटी बाजूला केली की आत लालभडक, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस दिसतं. पाच दिवस अँटिबायोटिक देऊन झालं, काडीचा फरक नाही. खाणंपिणं व्यवस्थित.

तिच्यासोबत फिरणारं 8 महिन्यांचं पिल्लू आहे. त्याच्या ओठांवर आणि जिभेवर तसेच खडबडीत, पण पांढरट दाणे आलेत. वॉचमन म्हणतो, मागच्या तबेल्यातल्या वासरांच्या मानेवर चामखिळी आहेत, तिथूनच हे आलं. कमिटीत आता "व्हायरस पसरतोय, कुत्री हलवा" सुरू झालंय. प्रश्न तीन: हे एकच आहे का? मुलांना किंवा घरातल्या मांजरांना होईल का? आणि उपचार रस्त्यावरच्या कुत्रीवर जमण्यासारखा आहे का?

गल्लीतला_व्हेट

दोन्ही वेगळे आजार आहेत. कुत्रीचं वर्णन टीव्हीटीचं (कुत्र्यांत मिलनातून पसरणारी गाठ) वाटतं, आणि टीव्हीटी व्हायरसने होतच नाही. तो कॅन्सर आहे, पण एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जिवंत पेशींच्याच रूपात जातो. मिलनातून जातो, तसाच हुंगण्या-चाटण्यातूनही. कुत्र्याच्या पेशीत 78 क्रोमोसोम असतात, या गाठीच्या पेशीत साधारण 57 ते 64. म्हणजे गाठ त्या कुत्रीच्या शरीरातून उगवलेली नाही, बाहेरून येऊन रुजली आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या पेशी अजून अशाच फिरताहेत. माणसाला होत नाही, मांजराला होत नाही. अंगाबाहेर या पेशी वाळून लगेच मरतात, त्यामुळे फरशीवरचं रक्त ग्लोव्ह्ज घालून साबणाने धुतलं की पुरे.

नसबंदी झालेली कुत्री माजावर येत नाही, तेव्हा "पाळी असेल" म्हणून थांबू नका. मात्र रक्ताची आणखी तीन कारणं तपासून बाजूला काढावी लागतात: ऑपरेशनमध्ये अंडाशयाचा तुकडा मागे राहिलेला असणं, गर्भाशयाच्या उरलेल्या टोकात पू होणं आणि गोचिडतापाने प्लेटलेट घसरणं. तुम्हाला मांस डोळ्यांनी दिसतंय, त्यामुळे टीव्हीटीकडेच पारडं झुकतं, तरी स्मिअरशिवाय (गाठीच्या पेशी काचेवर घेऊन केलेली तपासणी) केमो सुरू करू नये.

उपचार व्हिनक्रिस्टीन या केमोच्या औषधाचा, आठवड्यातून एकदा शिरेतून. डोस शरीराच्या क्षेत्रफळावर, दर चौरस मीटरला 0.5 ते 0.7 मिलिग्रॅम. 15 किलोच्या कुत्रीचं क्षेत्रफळ सुमारे 0.6 चौरस मीटर, म्हणजे एका वेळी 0.3 ते 0.4 मिलिग्रॅम. बहुतेकांना 4 ते 6 इंजेक्शनं लागतात. औषध स्वस्त आहे. जड जातं ते दर आठवड्याला कुत्री हाती लागणं.

इथेच सगळं फिसकटतं. दुसऱ्या इंजेक्शननंतर रक्त थांबतं, गाठ निम्म्यावर येते, फीडर (कुत्र्यांना रोज खाऊ घालणारे) सुटकेचा श्वास सोडतात आणि कुत्री तिसऱ्या आठवड्यात येत नाही. उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात आणि मग त्याच औषधाला दाद देतीलच याची खात्री नसते. अशा वेळी डॉक्सोरुबिसिनकडे वळावं लागतं, ते महाग आणि हृदयाला त्रासदायक. म्हणून आठवड्याचा वार पक्का करा आणि गाठ दिसेनाशी झाल्यावरही डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत थांबू नका.

"कापून टाका" असं कुणी सुचवेल. नुसतं कापल्यावर पुन्हा उगवण्याचं प्रमाण बरंच आहे, आणि कापताना पेशी जखमेत सांडल्या की तिथेही रुजतात.

स्लाइडवाला

स्मिअरबद्दल, कारण निम्म्या स्लाइड वाचण्याच्या लायकीच्या नसतात. गाठ आधी सलाइनने धुवा, मग गॉझने रक्त टिपून घ्या. नुसती रक्ताळ जागा स्लाइडवर दाबली तर लाल पेशींखेरीज काही दिसत नाही. मग स्वच्छ काच हलक्या हाताने तीन-चार ठिकाणी टेकवायची, घासायची नाही. हवेत वाळू द्या, लायटरवर शेकू नका. पावसाळ्यात मुंबईच्या दमटपणात काच वाळायला वेळ लागतो, पंख्याखाली धरा. आणि एकाच पिशवीत बायोप्सीची फॉर्मलिनची बाटली ठेवू नका, नुसत्या वाफेने स्लाइडचं स्टेनिंग बिघडतं. लॅबला गोल पेशी, ठळक न्यूक्लिओलस आणि सायटोप्लाझममध्ये ओळीने पारदर्शक बुडबुडे दिसले की निदान तिथेच संपतं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा प्राण्यांचे नमुने घेणाऱ्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये हे होतं.

नाकातून एकाच बाजूने रक्त येणारी भटकी कुत्री दिसली तर तिथेही हाच संशय धरा. हुंगताना पेशी नाकात जाऊन बसतात आणि महिनोन्महिने सर्दीची औषधं चालू राहतात.

कॅथेटर_22

गल्लीतला_व्हेट यांनी डोस दिला, पण मुद्दा शिरेचा आहे. व्हिनक्रिस्टीन शिरेबाहेर पडलं तर तिथलं मांस सडतं. सुई थेट शिरेत खुपसून देऊ नये. आधी कॅथेटर (शिरेत बसवायची बारीक नळी) लावा, 5 मिली सलाइन सोडून कुठे फुगत नाही ना ते बघा, मग औषध सलाइनमध्ये मिसळून सोडा आणि शेवटी पुन्हा सलाइनने नळी धुवा. बाजारात 1 मिलीत 1 मिलिग्रॅमची व्हायल मिळते. म्हणजे तुमच्या कुत्रीला अर्धा मिलीसुद्धा लागत नाही. 5 मिलीच्या सिरिंजने मोजाल तर चुकलंच, 1 मिलीची वापरा. व्हायल 2 ते 8 अंशात राहायला हवी. औषध शिरेबाहेर पडलंच तर कॅथेटर तसाच ठेवून जमेल तेवढं ओढून घ्या आणि गरम शेक द्या. बर्फ नको. इतर काही केमो औषधांना थंड शेक देतात, त्यामुळे गोंधळ होतो.

प्रत्येक डोसआधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी). पांढऱ्या पेशी 4000 च्या खाली असतील तर इंजेक्शन काही दिवस पुढे. भटक्या कुत्र्यांबाबत हमखास विसरलं जातं ते हे: खरजेसाठी दिलेलं आयव्हरमेक्टिन आणि बुरशीसाठी दिलेल्या केटोकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोलच्या गोळ्या. शरीर व्हिनक्रिस्टीन ज्या वाटांनी बाहेर टाकतं त्यांच्याच आड ही औषधं येतात आणि साध्या डोसची विषबाधा होऊ शकते. फीडर लोक जेवणातून काय काय घालतात ते डॉक्टरांना आधी सांगा, लाजू नका.

भांडुप_पश्चिम

धन्यवाद. खरजेचं इंजेक्शन मागच्या महिन्यात दिलं होतं, तारीख काढून डॉक्टरांना सांगतो. पिल्लाचं काय?

गल्लीतला_व्हेट

पिल्लाचं मात्र व्हायरसचंच दिसतंय. कुत्र्यांचा पॅपिलोमा व्हायरस, दोन वर्षांखालच्या पिल्लांत तोंडात येतो. लागण झाल्यापासून दाणे दिसायला एक-दोन महिने जातात, म्हणून "कुणाकडून आलं" हे शोधण्यात अर्थ नसतो. प्रतिकारशक्ती जागी झाली की बहुतेक वेळा एक ते तीन महिन्यांत आपोआप गळून पडतात आणि सहसा पुन्हा येत नाहीत.

ब्लेडने खरवडू नका. दोरा बांधू नका. खाजेसाठी प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू असेल तर डॉक्टरांशी बोलून हळूहळू बंद करा, ते चालू असताना चामखिळी हटत नाहीत. गिळता येत नसेल, दाण्यांतून पू येत असेल, दुर्गंधी असेल किंवा तीन-चार महिन्यांनंतरही वाढतच असेल तर बायोप्सी. मधल्या काळात ॲझिथ्रोमायसिन किलोला 10 मिलिग्रॅम रोज एकदा, 10 दिवस, असं देतात आणि त्याने फायदा झाल्याचं प्रसिद्धही झालंय. मी ते सरसकट देण्याच्या बाजूचा नाही, बऱ्या होणाऱ्या आजाराला अँटिबायोटिक कशाला?

पिल्लाची वाटी मात्र वेगळी करा. या व्हायरसला बाहेरचं चरबीचं कवच नसतं, त्यामुळे हँड सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही. वाटी आधी साबणाने घासून मग ब्लीचच्या पाण्यात 10 मिनिटं बुडवा. हाही माणसाला किंवा मांजराला लागत नाही.

म्हैसवाला_आरे

तबेल्यावर आळ आला म्हणून लिहितो. वासरांच्या चामखिळीही पॅपिलोमाच्याच, पण गुरांचा व्हायरस वेगळा आणि कुत्र्यांचा वेगळा. वासराची चामखीळ कुत्र्याच्या तोंडात जात नाही. वासरांत ती पसरते माणसाच्याच हाताने: एकाच सुईने सगळ्यांना टोचणं, कानाचा बिल्ला मारायचा चिमटा न धुता पुढे वापरणं, एकच दावं सगळ्यांना. सडांवर आली असेल तर ते जनावर शेवटी पिळायचं आणि पिळणाऱ्याने हात धुऊनच उठायचं. मानेवरच्या सहसा काही महिने ते वर्षभरात जातात.

पण वॉचमनने सांगितलेल्या गाठी नक्की चामखिळीच आहेत का, ते बघून घ्या. चामखीळ वर खडबडीत, देठासारखी, आणि जनावर ठणठणीत. लम्पीत (गुरांचा कातडीवर गाठी आणणारा व्हायरसचा आजार) आधी ताप, मग अंगभर 2 ते 5 सेंटिमीटरच्या गोल, घट्ट, कातडीत रुतलेल्या गाठी, पाय सुजतात, दूध आटतं. लम्पी डास-माश्यांनी फिरते आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणं बंधनकारक आहे. गाईंना जास्त होते, म्हशींना कमी, म्हणून मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यात गाफील राहतात. तीही माणसाला होत नाही.

मांजरवेडी

मांजरांचं विचारलंत म्हणून थोडक्यात. कुत्रीची टीव्हीटी किंवा पिल्लाच्या चामखिळी मांजराला होणार नाहीत. मांजरात व्हायरस आणि कॅन्सरची खरी जोडी म्हणजे फेलाइन ल्युकेमिया. तो लाळेतून पसरतो आणि लिम्फोमाला वाट करून देतो. रक्ताच्या थेंबावर क्लिनिकमध्येच टेस्ट होते, नवीन मांजर घरात सोडायच्या आधी करून घ्या. लसीच्या जागी गाठ आली तर 3-2-1 लक्षात ठेवा: 3 महिने टिकली, 2 सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा 1 महिन्यानंतरही वाढतेय, यातलं एकही असेल तर बायोप्सी.

भांडुप_पश्चिम

शेवटचा प्रश्न. इंजेक्शन देऊन कुत्री त्याच दिवशी कंपाउंडमध्ये सोडली तर चालेल का?

कॅथेटर_22

दोन-तीन दिवस पिंजऱ्यात ठेवता आली तर उत्तम, कारण औषधाचा अंश तेवढे दिवस शी-शूमध्ये उतरतो. नाहीच जमलं तर त्या दिवसांत ती जिथे घाण करेल ती जागा ग्लोव्ह्ज घालून भरपूर पाण्याने धुवा, गरोदर बाईने हे काम करू नये. वापरलेली सिरिंज, व्हायल घरी आणू नका, ती क्लिनिकच्या सायटोटॉक्सिक (केमो औषधांच्या) कचऱ्यात जाते. चौथ्या ते सातव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, तेव्हा ती गळून बसली किंवा जेवली नाही तर पुढच्या वाराची वाट न बघता ताप मोजा आणि डॉक्टरांना फोन करा. बद्धकोष्ठाकडेही लक्ष असू द्या, व्हिनक्रिस्टीनने आतडी मंदावतात. पकडायच्या सकाळी नेहमीचं जेवण देऊ नका, तेच दाखवून पिंजऱ्यात घ्या. पकडणाऱ्यांनी रेबीजची लस आधीच घेतलेली असावी, आणि तोंडाला पट्टी बांधल्याशिवाय शेपटी उचलायला जाऊ नका. ती जागा दुखरी असते.