मदत हवी आहे: क्रोन्ससाठी फक्त पातळ आहार, मुलगी आता पीत नाही
मुलगी 11 वर्षांची, क्रोन्स (आतड्यांना सूज येणारा, बराच काळ चालणारा आजार). कोलोनोस्कोपी, बायोप्सी झाली. टीबी नाही हेही तपासलंय, त्यामुळे ते परत नको. स्टेरॉइडनं वाढ खुंटू शकते म्हणून डॉक्टरांनी 6 ते 8 आठवडे फक्त डब्याची पोषण पावडर कालवून द्यायला सांगितलीय, बाकी जेवण बंद. सुरुवातीला प्यायली. आता व्हॅनिलाचा वास आला की तोंड फिरवते. गार करून, स्ट्रॉनं, झाकणाच्या बाटलीतून देऊन बघितलं. नाकातून नळी नकोच म्हणते. घरात तांबडा-पांढरा बंद केलाय (आजोबा वैतागलेत!). आहारतज्ज्ञ पुण्यात, सारखं जाणं होत नाही. बदल डॉक्टरांना विचारूनच करू. ज्यांच्या मुलांनी हे पूर्ण केलं, त्यांनी चवीचं काय केलं, शाळेत कसं दिलं? आणि कॅलप्रोटेक्टिनसाठी (आतड्यात सूज किती आहे ते सांगणारी तपासणी) शौचाचा नमुना कोल्हापुरात कुठं घेतात?