इम्प्लांटच्या भोवतीचं हाड गेलंय, भरून घेऊ की काढूनच टाकू? (ठाणे)

नौपाडाकर:
मंडळी जरा सल्ला हवाय. वय ५६, शुगर आहे. खालच्या दाढेच्या जागी चार वर्षांपूर्वी इम्प्लांट (हाडात धातूचा स्क्रू, वर कॅप) बसवलं. दुखत अजिबात नाही, पण महिनाभर ब्रश करताना तिथूनच रक्त येतंय आणि हिरडी दाबली की घाण चव. एक्सरेत हाड ५ मिलिमीटर खाली गेलंय, पेरिइम्प्लांटायटिस म्हणे, म्हणजे इम्प्लांटभोवतीचं इन्फेक्शन. एक डॉक्टर म्हणतात हिरडी उघडून साफ करू, बोन पावडर भरू, वर मेम्ब्रेन म्हणजे पातळ पडदा टाकू. दुसरे म्हणतात काढून टाका, कशाला पैसे घालवता. त्यात बायकोने कुठेतरी वाचलं की ती पावडर गायीच्या हाडाची असते, तेव्हापासून घरात वेगळंच महाभारत. खरंय का हे? आणि चार वर्षांत क्लिनिंगला या असं एकदाही कोणी म्हणालं नाही, तो राग आहेच.

वाशीकर१७:
माझं दोन वर्षांपूर्वी झालं. आधी नुसतं साफ केलं, दोन महिने थांबवलं, मग सर्जरी. हातातून रक्त काढून मशीनमध्ये फिरवलं आणि त्याचा जेलीसारखा गोळा पावडरीत मिसळला, पीआरएफ म्हणतात त्याला. वर्षाने एक्सरे काढला तर अर्धंच भरलेलं, पण रक्त-पू बंद झाला तो झालाच. एक कोणी सांगत नाही, हिरडी खाली बसते, धातूची कड जिभेला लागते आणि मेथीची भाजी खाल्ली की अर्धी तिथेच.

खारघर_पेरिओ:
हिरड्यांचंच काम करतो म्हणून लिहितो. दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात, हाडाचा खड्डा विहिरीसारखा आहे की बशीसारखा त्यावर आहे सगळं. इम्प्लांटभोवती हाडाच्या भिंती शिल्लक असतील आणि खड्डा निदान ३ मिलिमीटर खोल असेल तर पावडर टिकते, रक्ताची गुठळी हलत नाही, हाड भरायला वाव मिळतो. बशीसारखं सपाट झिजलं असेल तर पावडर टाकून उपयोग नाही, ती राहणार कशाच्या आधाराने? साध्या एक्सरेत गालाकडची भिंत दिसतच नाही, बऱ्याचदा उघडल्यावरच कळतं. खरी मारामारी मात्र साफसफाईची, स्क्रूचे आटे खरखरीत असतात, त्यात जंतूंचा थर बसतो आणि तो पूर्ण निघाला नाही तर वर सोनं भरलंत तरी वाया. नुसत्या अँटिबायोटिकवर तर बिलकुल विसंबू नका. दुखत नाही म्हणून निवांत राहू नका, दाताला हिरडीचे तंतू आडवे घट्ट शिवलेले असतात, इम्प्लांटला ते नुसते समांतर उभे, त्यामुळे इन्फेक्शन भराभर खाली उतरतं. हलत असेल तर चर्चाच नको, काढा. कॅप सिमेंटने बसवलीय की स्क्रूने तेही विचारा, हिरडीखाली अडकलेलं सिमेंट हे नेहमीचं कारण.

गायीचं म्हणाल तर वहिनींचं बरोबर आहे, जास्त वापरली जाणारी पावडर गायीच्याच हाडाची असते, त्यातले प्रोटीन काढून टाकलेले असतात. मेम्ब्रेन पुष्कळदा डुकराचं. नको असेल तर सिंथेटिक मिळते, नाहीतर मानवी हाड, परळच्या टाटा हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेतूनही येतं. आधीच सांगा आणि संमतीपत्रावर लिहून घ्या. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, करून जा.

कोपरीचे_आजोबा:
सगळं लिहिलंत, तंबाखू-सिगरेटचं काही नाही लिहिलं?

नौपाडाकर:
पकडलंत आजोबा. दिवसाला तीन-चार. दाढ हलत नाही, कॅपचं फाईलमध्ये बघतो. मेम्ब्रेनचं घरी अजून सांगितलेलं नाही.

खारघर_पेरिओ:
तीन-चार म्हणजे खरे किती? ग्राफ्टच्या, म्हणजे पावडर भरायच्या, आधी ते बंद करा, नाहीतर मीसुद्धा हात लावणार नाही.