मदत हवी आहे: बॅटरीवाल्या ट्रेलरची मोटर घाट उतरताना मध्येच सोडून देते

कळंबोली_४६: नमस्कार मंडळी. आपल्या एका ४० फुटी कंटेनर ट्रेलरला मागच्या ॲक्सलवर मोटर आणि चेसिसखाली बॅटरी बसवून घेतलीय, ट्रायल म्हणून, दोन महिने झाले. चढाला घोड्याला (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला) मागून जोर मिळतो, डिझेल खरंच कमी लागतंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण खंडाळ्याचा घाट उतरताना मोटर आधी गाडी छान धरून ठेवते आणि जुना अमृतांजन पूल होता त्याच्या आसपास एकदम सोडून देते. ड्रायव्हर म्हणतो शेठ, गाडी मोकळी सुटल्यासारखी होते. परवा खोपोलीला थांबला तर ब्रेक लायनर जळल्याचा वास आणि ड्रममधून धूर. बसवणारे चार दिवस "लॉग बघून सांगतो" एवढंच म्हणतायत. उद्या परत गाडी आहे. कोणाला काही माहीत असेल तर पटकन सांगा.

तुर्भे_गॅरेज: घोडा कुठला, कुठल्या साली घेतलेला? एबीएसची वायर जोडता का नुसती लाईटची? माल किती? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर सांगणार काय.

कळंबोली_४६: घोडा २०१९ चा, चार बाय दोन, म्हणजे दोन ॲक्सल आणि जोर फक्त मागच्याला. ट्रेलर दोन ॲक्सलचा. एबीएसची वायर जोडलेली असते. माल धरून सगळं ३८ टनांच्या आसपास. न्हावा शेवा ते चाकण आणि परत.

ठाणे_पश्चिम_संदीप: दादा माझं ऐका, ही अर्धी बॅटरी अर्धं डिझेल भानगड काढून टाका आणि सरळ इलेक्ट्रिक घोडा घ्या. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत अनुदान आहे, जुनी गाडी स्क्रॅप केल्याचं सर्टिफिकेट लागतं. ट्रेलरला मोटर लावून त्यातलं काही मिळत नाही, ते घोड्यालाच आहे.

तुर्भे_गॅरेज: संदीप, त्यांनी घोडा कुठला घेऊ विचारलंय का? ड्रममधून धूर येतोय तिकडे. मला किंगपिनच्या, म्हणजे ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या पिनच्या, सेन्सरवर संशय आहे. बाहेरच्या देशात, अमेरिकेतल्या रेंज एनर्जीसारख्यांच्या ट्रेलरमध्ये, किंगपिनवर किती ओढ येतेय ते मोजून मोटर चालते. ओढ दिसली की ढकलायचं, ट्रेलर घोड्यावर रेलायला लागला की धरायचं. त्या सेन्सरची वायर ग्रीसमध्ये लोळत असेल तर रीडिंग जातं आणि मग सिस्टिम मोटर बंद करणारच.

कळंबोली_४६: सेन्सर आहे. पण वायर खराब असती तर चढालाही बंद पडली असती ना? चढाला एकदाही पडली नाही.

घाटवाट: मी २२ वर्षं ट्रेलर चालवलाय, मला हे मागून ढकलणंच पटत नाही. पावसात वळणावर मागून जोर आला तर गाडी एल होणार, घोडा एकीकडे ट्रॉली एकीकडे. जीव ड्रायव्हरचा जातो.

विद्युत_ऐरोली: घाटवाट काका, तुमची भीती बरोबर आहे पण इथे तसं होऊ नये म्हणूनच किंगपिनवर मोजतात. घोडा जेवढा ओढतो त्याच्या थोडं कमीच मोटर ढकलते, म्हणजे जोडणी कायम ताणलेली राहते. आणि उतारावर मागून धरलं तर गाडी सरळच राहते, फक्त मागची चाकं लॉक होता कामा नयेत, ते एबीएस बघतं. पावसात मात्र मोटरचं ब्रेकिंग कमी ठेवलं पाहिजे, विशेषतः गाडी रिकामी असताना.

धागाकर्त्यांना एकच प्रश्न. हे प्रत्येक फेरीला होतं का काहीच फेऱ्यांना?

कळंबोली_४६: सकाळच्या फेरीला होतं. संध्याकाळी चाकणहून निघाला तर होत नाही. म्हणूनच मला वाटलं इलेक्ट्रॉनिकला धुकं-ओलावा लागतोय.

विद्युत_ऐरोली: सकाळी निघायच्या आधी गाडी रात्रभर चाकणला चार्जिंगला असते?

कळंबोली_४६: हो, तिथे मालकांनी पॉइंट दिलाय. १०० टक्के करूनच निघतो. संध्याकाळच्या फेरीला वेळ नसतो, माल भरला की निघाला. सपाटीवर मोटर बंद ठेवायला सांगितलंय, चार्ज घाटासाठी शिल्लक राहावा म्हणून.

विद्युत_ऐरोली: मग सापडलं हो! हे आधी लिहायला हवं होतं. तुम्ही घाटाच्या वरच्या तोंडाशी भरलेली बॅटरी घेऊन येताय. उतारावर मोटर गाडी धरते म्हणजे जनरेटर होऊन वीज बनवते, ती वीज कुठेतरी जायला हवी. बॅटरीत जागा नाही म्हटल्यावर बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) चार्जिंग तोडतो आणि त्या क्षणी मोटरचा ब्रेक गेला.

हिशोब बघा. ३८ टन गाडी ५०० मीटर खाली उतरते, त्यात साधारण ५० युनिट ऊर्जा आहे. टायरच्या घासण्यात, हवेत, घोड्याच्या एक्झॉस्ट ब्रेकमध्ये (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरतो तो) बरीच जाते, तरी २०-२५ युनिट बॅटरीकडे येऊ शकतात. बॅटरी किती युनिटची आहे तुमची?

कळंबोली_४६: ९० युनिट. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटवाली.

विद्युत_ऐरोली: तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत मोटर बंद, म्हणजे घाटाच्या वर तुम्ही ९५ टक्क्यांच्या वरच असणार. जागा उरली चार युनिटची. ती पहिल्या दोन-तीन वळणांतच संपते. खाली जाताना ७० टक्क्यांच्या वर नको.

रीफरवाला_उरण: छान चर्चा. आमचे द्राक्षांचे रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर असतात, त्याला डिझेल जनसेट लावावा लागतो. अशा ट्रेलरच्या बॅटरीवर कंटेनरचं कूलिंग चालेल का? कोणी केलं असेल तर नक्की सांगा.

ठाणे_पश्चिम_संदीप: घोडबंदरला गायमुखला तीन तास अडकलोय आत्ता. तिथेच बसून वाचतोय. सगळ्या जड गाड्या इलेक्ट्रिक झाल्या तर निदान धूर तरी कमी होईल इथला.

तुर्भे_गॅरेज: ऐरोलीकरांचं पटलं, सेन्सरचं मी मागे घेतो. पण ७० टक्क्यांवर कायम ठेवा हे मला पटत नाही. एलएफपीला अधूनमधून पूर्ण १०० करावंच लागतं, नाहीतर सेल बॅलन्स होत नाहीत आणि टक्के खोटे दाखवायला लागते. आमच्याकडे एक ई-टेम्पो आला होता, ३० टक्के दाखवत होता आणि नाक्यावर बंद पडला.

विद्युत_ऐरोली: बरोबर आहे, पण १०० करायची जागा चुकतेय. कळंबोलीला खाली फुल करा. तिथून निघालं की पुढे चढच आहे, बॅटरी वापरलीच जाणार. चाकणला मर्यादा लावा.

घाटवाट: तुमच्या टक्क्यांचं तुम्ही बघा. मी ड्रायव्हरबद्दल बोलतो. मोटर गाडी धरतेय म्हणून पोरगं वरच्या गिअरमध्ये उतरत असणार, आणि ती सुटली की सगळं वजन पायाच्या ब्रेकवर. घाटात शिरायच्या आधीच खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक, मोटर आहे असं समजायचंच नाही. ती मिळाली तर वरचा फायदा. हे त्याला समोर बसवून सांगा, फोनवर नको. आणि उद्या गाडी सोडायच्या आधी ड्रम उघडून बघा, लायनरवर चकाकी आली असेल तर तो ब्रेक धरणार नाही. ड्रमला बारीक तडे गेलेत का तेही बघा.

तुर्भे_गॅरेज: काकांना शंभर टक्के पाठिंबा. उद्याची फेरी सोडा. स्लॅक ॲडजस्टरपण (ब्रेकची ढिलाई काढतो तो) तपासा.

अश्विनी_खारघर: मी पासिंगचं विचारते. गाडीत कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेर बदल केला तर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं. कागद आहेत ना? अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच विचारेल. आणि वजन? चार बाय दोनला पुढच्या ॲक्सलचे ७, मागच्याचे ११.५ आणि ट्रेलरच्या दोन ॲक्सलचे २१ मिळून साडेएकोणचाळीस टनांची मर्यादा आहे, बॅटरी-मोटरचं टनभर वजन त्यातूनच जाणार.

कळंबोली_४६: ट्रायलचे कागद बसवणाऱ्यांकडे आहेत म्हणाले, माझ्या हातात नाहीत. उद्या मागतो. वजन मर्यादेत आहे, काट्याची पावती असते.

कळंबोली_४६: (चार दिवसांनी) मंडळी, उशीर झाला, माफ करा. दुसऱ्या दिवशीची गाडी सोडली नाही, पार्टीला सांगितलं, थोडं ऐकून घ्यावं लागलं. ड्रम उघडले तर डाव्या बाजूचा लायनर काचेसारखा चकचकीत, एका ड्रमला तडे. दोन्ही बदलले. चाकणला चार्जर ७० ला थांबवला आणि परवा सकाळी मी स्वतः केबिनमध्ये बसून आलो. मोटरने खोपोलीपर्यंत धरलं, खाली ९० दाखवत होतं, वास नाही काही नाही. घाटवाट काका, ड्रायव्हर आधी वरच्याच गिअरला उतरत होता, तुम्ही म्हणालात तेच. त्याची चूक नाही, मोटर केव्हा सोडेल हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, मी पण नाही.

बसवणाऱ्यांना सांगितलंय, बॅटरी भरत आली की ड्रायव्हरसमोर बझर वाजला पाहिजे आणि मोटरने हळूहळू सोडलं पाहिजे, एकदम नाही. ते झाल्याशिवाय दुसऱ्या ट्रेलरला हात लावू देणार नाही. कागद अजून आले नाहीत.

विद्युत_ऐरोली: ७० वरून ९० म्हणजे १८ युनिट परत आले. पावसाळ्यात ६० ला थांबवून बघा.

रीफरवाला_उरण: माझ्या जनसेटचं कोणी सांगेल का?

विद्युत_ऐरोली: सांगतो, नवीन धागा काढा. कंटेनर कुठला, फेरी किती तासांची आणि आत तापमान किती ठेवता, हे आधीच लिहा.