खेळाच्या तासाला मुलं खरंच किती हलतात?
शारीरिक शिक्षणात पीएच.डी. करून संशोधनाला फारसा वाव नाही, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करायला हवी. ती होते की नाही, हे मोजणार कोण? कमरेला अ‍ॅक्सेलरोमीटर (हालचाल मोजणारं छोटं यंत्र) बांधला की कळतं, खेळाच्या तासातला बराच वेळ मुलं रांगेत पाळीची वाट बघत उभीच असतात. (सायकल चालवणं मात्र हे यंत्र नीट टिपत नाही.) रांग मोडून सगळ्यांना खेळतं कसं ठेवायचं, हाच अस्सल संशोधनाचा विषय आहे. असं संशोधन करायचं असेल तर संख्याशास्त्र मन लावून शिका. आणि पालकांनी संमती दिली तरी मुलाला स्वतः विचारल्याशिवाय यंत्राचा पट्टा बांधू नका.