खरेपणाची झळ दुसऱ्याला बसते तेव्हा : मुंबईतल्या ख्रिस्ती तरुणांचे अनुभव

भायखळा, वय 31
सगळ्यांना सलाम. आमच्या तरुण संघात साक्षी होतात, म्हणजे देवाचा आलेला अनुभव उभं राहून सांगतात, त्यातल्या बऱ्याच एकाच वळणाने जातात. खोटं बोलायची वेळ आली, प्रार्थना केली, खरं बोललो आणि प्रभूने बढती दिली. त्या साक्षींवर माझा अविश्वास नाही. पण ज्यांची बढती हुकली ते कधी उभे राहत नाहीत, आणि मला त्यांचं ऐकायचं आहे. ना. वा. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, हे आपण अभिमानाने सांगतो. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाईंनी पुढची काही वर्षं नवऱ्यापासून दूर काढली, ते सांगताना आपला आवाज खाली येतो. तुमच्या खरेपणाची किंमत दुसऱ्या कोणी मोजली असेल तर लिहा. खरं वागणं जमलं नसेल तर तेही लिहा. नावं नकोत.

मुलुंड, वय 26
मी नर्स आहे. नाइटला आम्ही दोघी आणि पेशंट बावीस. रात्री दोनला सगळ्यांचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी घ्यायचं असतं. एखादा पेशंट सीरियस झाला की बाकीचे राहतात, आणि पहाटे चार्ट भरताना हात आपोआप लिहीत जातो : 98.6, 78, 18, 120/80. पहिलं वर्षभर मीही असंच भरलं. मग एका पहाटे एका आजींच्या चार्टवर मी 78 लिहिलं आणि सकाळच्या सिस्टरने नाडी धरली तर ती खूपच जलद होती. आजींना काही झालं नाही. पण तो आकडा मी न मोजता लिहिला होता, हे मला आणि देवालाच ठाऊक होतं. त्यानंतर राहिलेल्या जागी मी ‘घेता आले नाही’ असं लिहू लागले. मला मेमो मिळाला. माझ्याबरोबरच्या मुलीलाही मिळाला, कारण वॉर्ड दोघींचा. तिला गावी पैसे पाठवावे लागतात. ती माझ्याशी धड बोलत नाही, आणि तिचं चुकतं असं मला म्हणवत नाही. स्टाफ वाढलेला नाही. मी अजून तसंच लिहिते.

मालाड, वय 22
माझं छोटं आहे. मॉलमधल्या दुकानात नोकरी, शनिवार-रविवारी सुट्टी नाही. उपासनेला जाता यावं म्हणून तीन महिने ‘आजी आजारी आहे’ सांगत होतो. देवाच्या घरी जायला खोटं बोलतोय हे लक्षात आलं आणि पोटात कसंतरी झालं. खरं सांगितलं. आता महिन्यातून एकच रविवार मिळतो, पूर्वी दोन मिळायचे.

मरोळ, वय 29
मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतला मूळचा कॅथलिक, गावठाणात राहतो. घराचं छप्पर दुरुस्त करायचं होतं. कागद महिनोन् महिने अडकला होता. मे महिन्यात क्रूसाजवळ रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायची आणि मी आकाशाकडे बघत उभा असायचो. पाऊस आला की नानीच्या खाटेवर पाणी. शेवटी एका मधल्या माणसाला पंधरा हजार दिले. चार दिवसांत काम झालं. कन्फेशनला गेलो, सगळं सांगितलं. फादरांनी विचारलं, ‘‘पुन्हा मागितले तर?’’ मला उत्तर देता आलं नाही. नानी कोरड्या अंथरुणात झोपते आणि मला तेवढ्याने शांत वाटत नाही.

चेंबूर, वय 25
हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे. आमचं मूळ नेवाशाकडचं. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘ख्रिस्ती’ आहे. ते मुंबईला येऊन गिरणीत लागले, आणि वडिलांना शाळेत घातलं तेव्हा दाखल्यावर ‘हिंदू महार’ लागलं. कोणी सांगितलं, का सांगितलं, हे विचारायला आता कोणी उरलं नाही. घरात मात्र रोज रात्री पवित्र शास्त्र वाचलं जायचं.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, आम्ही बाहेरच राहिलो. माझा चुलतभाऊ बौद्ध आहे. आमचे पणजोबा एकच, आणि ज्या विहिरीवर त्यांना पाणी भरू दिलं नाही ती विहीरही एकच. त्याचा दाखला खरा आणि माझा खोटा. हा अन्याय आहे, हे मी कुणासमोरही म्हणेन. पण अन्याय आहे म्हणून मी रविवारी कॉयरमध्ये गायचं आणि सोमवारी फॉर्मवर ‘हिंदू’ लिहायचं, हे माझ्याने होईना. कॉलेजपर्यंत मी तेच केलं. फीची सवलतही घेतली.

नोकरीचे अर्ज मी खुल्या गटातून भरले. महाराष्ट्रात आमच्यासारख्यांना ओबीसीत जागा आहे, पण त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. तो माझ्याकडे आहे, आजोबांचा दाखला. तो बाहेर काढला की वडिलांचा दाखला उघडा पडतो, आणि वडील त्याच दाखल्यावर नोकरीला लागले. निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात, ख्रिस्ती आचरण करून केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही संविधानाशी केलेली फसवणूक ठरवली. तेव्हापासून आमच्या घरात हा विषय निघाला की आई उठून स्वयंपाकघरात जाते. तो कागद माझ्या कपाटात पडून आहे.

दादर, वय 23
चेंबूरच्या दादाचं वाचून माझं लिहावंसं वाटलं. सीएची आर्टिकलशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, करतो. भिवंडीच्या गोदामात स्टॉक मोजायला दोघांना पाठवलं. अर्धा माल रचलेल्या थप्प्यांच्या मागे, तिथे पोहोचताच येत नव्हतं. यादीवर सह्या करून टाका, असं सांगण्यात आलं. माझ्याबरोबरच्या मुलीने केली. मी फक्त मोजलेल्या ओळींपुढे सही केली, म्हणून तिची सही उठून दिसली आणि बोलणी तिने खाल्ली. मी आधी तिच्याशी बोलायला हवं होतं. खरं वागायच्या घाईत मी तिला एकटं सोडलं, हे मला जास्त लागतं.

मुलुंड, वय 26
चेंबूर, वडिलांशी सरळ बोललास का रे कधी?

चेंबूर, वय 25
काल बोललो, ताई. उपासनेहून चालत येताना. वडील म्हणाले, मी निवृत्त झालो की तुला हवं ते कर. धाकटीचा फॉर्म मात्र मीच भरणार. तिची बारावी झाली, प्रवेश सुरू आहेत. रात्री ती फॉर्म घेऊन माझ्या खोलीत आली आणि दार लावून म्हणाली, ‘‘दादा, धर्माच्या रकान्यात काय लिहू?’’