मदत हवी आहे: राजकीय कार्यालयातली नोकरी आणि चर्चचं पाळकपण एकत्र जमतं का?

नमस्कार,

मी एका लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात आहे. भाषणांचे मसुदे, लोकांच्या अर्जांना उत्तरं, साहेबांच्या भेटीगाठी, सगळं माझ्याकडे. सोबतीने ईश्वरविज्ञानाचं शिक्षण पूर्ण केलं (आम्ही प्रोटेस्टंट). आता आमच्या चर्चच्या मंडळीने सहपाळक म्हणून दीक्षा घेणार का, असं विचारलंय. मानधन नावापुरतं, त्यामुळे नोकरी सोडणं परवडणार नाही, आणि खरं सांगायचं तर सोडायचीही नाही.

वेळेचं कसंबसं जमेल. निवडणुकीत रविवार धरू नका, हे मंडळीला सांगून ठेवलंय. घोडं अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. उपासना संपली की दारातच एखादा बायबलमधून घडी घातलेला बदलीचा अर्ज काढतो, "साहेबांच्या कानावर घाला ना जरा." आज मी साधा सभासद, "उद्या कार्यालयात या" म्हणून सुटतो. पाळकाचा झगा अंगावर असताना काय म्हणू? काम झालं तर वशिला, नाही झालं तर पाळकाने हात झटकले! आणि कुणी प्रार्थनेसाठी म्हणून एकांतात सांगितलेली गोष्ट नेमकी साहेबांच्या कामाची निघाली, तर?

कॅथलिक धर्मगुरूंना त्यांच्या चर्च-कायद्यातल्या कॅनन (कलम) 285 नुसार सत्तापद घेता येत नाही. अमेरिकन काँग्रेसमधले जेझुइट धर्मगुरू रॉबर्ट ड्रायनन 1980 मध्ये पोपच्या आदेशामुळे पुन्हा उभे राहिले नाहीत. आमच्याकडे असा सरसकट नियम नाही. राफाएल वॉरनॉक 2021 पासून सिनेटर आहेत, अटलांटाच्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे पाळकही आहेत. पण ते स्वतःच्या नावावर बोलतात, मी दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालतो. मला जवळचे वाटतात ते बिल मॉयर्स: दीक्षा घेतलेले बॅप्टिस्ट, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचे सहायक, 1965 ते 1967 प्रसिद्धी सचिव. ते मात्र पुढे पत्रकारितेत गेले, त्यामुळे माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेही मिळत नाही.

असं दुहेरी काम कुणी केलंय का, किंवा जवळून पाहिलंय का? मंडळीतल्या लोकांचे अर्ज दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवायचे, आणि प्रचाराच्या काळात चर्चच्या व्यासपीठावरून संदेश (प्रवचन) द्यायचा नाही, एवढं दोन्हीकडे लेखी ठरवून घ्यावं असं मनात आहे. साहेबांशी अजून बोललेलो नाही. आधी त्यांच्याशी बोलू की चर्चच्या वडीलमंडळाशी? "देवावर सोडा" हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो सोडून काहीही चालेल.