मदत हवी आहे: तिसरीतला मुलगा ओळी गाळतो, शब्दाचा शेवट अंदाजाने म्हणतो

राजारामपुरीकर:
वय ८, मराठी माध्यम. एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, चुळबुळ जास्त) निदान झालंय. डोळे-कान तपासले, ठीक आहेत. धडा वाचताना ओळ गाळतो, 'खेळायचा'चं 'खेळायला' करतो, पाच-सात ओळींनंतर चुका वाढतात. रोज अर्धा तास सलग बसवतो. घरी काय बदलावं?

तळ्याकाठ:
आधी तो अर्धा तास बंद करा. सकाळी १० मिनिटं, संध्याकाळी १० मिनिटं, बस्स.

पहिल्या दिवशी फक्त तपासणी. १०० शब्दांचा उतारा वाचून घ्या, मधे टोकू नका. पहिल्या ५० आणि शेवटच्या ५० शब्दांतल्या चुका वेगळ्या मोजा. चुकलेले शब्द दुसऱ्या दिवशी सुट्ट्या कार्डांवर दाखवा. कार्डावर बरोबर आले, तर अक्षरं येतात, लक्ष निसटतंय. तिथंही चुकले, तर मामला वेगळा. पहिली वेलांटी अक्षराआधी लिहितो पण उच्चार नंतर, आणि 'गर्दी'तला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. घाईतली नजर नेमकी इथं घसरते. घ-ध, भ-म, थ-य यांचीही गल्लत बघा. एडीएचडीसोबत डिस्लेक्सिया (अक्षरं-शब्द ओळखून वाचण्यातली अडचण) असणं दुर्मिळ नाही, आणि नुसत्या लक्षाच्या औषधाने अक्षरओळख येत नाही. ती शिकवावीच लागते.

लक्षाचाच प्रश्न असेल तर ६०-८० शब्दांचा उतारा घ्या. आधी तुम्ही बोट फिरवत वाचा, मग दोघं मिळून, मग तो एकटा. त्याने शब्द चुकवला तर तीन सेकंद थांबा. सुधारला नाही तर शब्द सांगा आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचायला लावा. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावणं म्हणजे वाचनाचा राग शिकवणं. दोन-तीन वाक्यांनंतर 'कोण? काय केलं?' एवढंच विचारा. धडा संपल्यावर विचारलं तर सुरुवात विसरलेली असते.

पेठेतला:
वरच्यात भर. ओळ गाळणाऱ्या पोराला पट्टी देतात ती बहुतेक वाचायच्या ओळीखाली. त्याने पुढची ओळ झाकली जाते आणि नजर अडते. जाड पुठ्ठ्याची १५ × ४ सेंमी पट्टी *वाचून झालेल्या* ओळींवर ठेवा आणि खाली सरकवत न्या. खिडकीवाली पट्टी करणार असाल तर खाच थोडी उंच कापा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. पाठ्यपुस्तकाची ओळ दाट वाटत असेल तर तोच मजकूर १८-२० पॉइंटात, दुप्पट अंतराने छापून घ्या.

वाचनाआधी १५ मिनिटं पळवा, चेंडू खेळू द्या. आपल्याकडं कोल्हापुरात पोराला फुटबॉलचं वेड असतंच. शाहू स्टेडियमवरच्या सामन्याची बातमी हा उत्तम उतारा. पाटाकडील तालमीच्या संघानं कुणाला हरवलं हे कळेपर्यंत पोरगं ओळ सोडत नाही. फक्त बातमीतली लांब वाक्यं तोडून द्या. बक्षीस महिनाअखेरीचं नको, उतारा संपला की लगेच: एक खूण, पाच खुणांना आवडता खेळ.

राजारामपुरीकर:
तिसऱ्या वाचनाला उतारा पाठ म्हणून दाखवतो. आणि परीक्षेत सवलत हवी तर शाळा प्रमाणपत्र मागते.

तळ्याकाठ:
पाठ झाल्याचा संशय आला की तेच शब्द वापरून पाच नवी वाक्यं लिहा. प्रगतीही नव्या उताऱ्यावरच मोजा: आठवड्यातून एकदा, एका मिनिटात किती शब्द *बरोबर*. जुन्या उताऱ्यावरचा वेग फसवतो.

प्रमाणपत्राचं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातलाच) आहे, एडीएचडी वेगळा प्रकार म्हणून नाही. त्यामुळे कार्डांच्या तपासणीत शब्द चुकत असतील तर अध्ययन अक्षमतेची चाचणी वेगळी मागा. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात चौकशी करा. जाताना गेल्या दोन वर्षांच्या वह्या, निकालपत्रं आणि वर्गशिक्षकांचं लेखी निरीक्षण सोबत ठेवा. वह्या सुधारलेल्या, स्वच्छ नकोत. चुकांसकट, जशा आहेत तशा.